नंबर फोनवर मिळेल

किस्से जमवावे लागत नाहीत. फोनच्या काचेवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. आज पुसून काढावेत तर उद्या तेवढेच परत. संध्याकाळी घरी आले की दिवसभरातलं चार ओळींत लिहून ठेवायचं, ही माझी जुनी सवय. अलीकडे त्या चार ओळींत काम कमी आणि माणसंच जास्त येऊ लागलीत. मित्रमंडळी जमली की 'बाई, सांगा काहीतरी' होतंच, म्हणून एकदा सगळं ओळीनं सांगून टाकते.

आधी काम सांगते. कराडात एका बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. तिथं वेबसाईट बनतात आणि त्या मोबाईलवर नीट चालतात का, हे मी बघते. अक्षरं वाचता येतात का, बटन दाबलं जातंय का, मध्येच गाडी अडते का. पूर्वी मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे. टाईपरायटर गेले, क्लास गेला, आणि हे काम मी बघत बघत, चुकत चुकत शिकले.

माझ्या नणंदेला हे सगळं समजावून सांगण्यात माझी अर्धी दुपार गेली. तिनं चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे दिवसभर फोन घेऊन बसायचं? आमची सून फुकट करती की."

*

ऑफिस विजयाचं. टायपिंगला माझ्याकडेच होती. पुढं शिकली, पुण्यात मोठ्या कंपनीत लागली, आणि 'इथली कामं इथं बसून का होऊ नयेत' या एका हट्टापायी नोकरी सोडून परत आली. दुसरा सागर, तासगावचा. वेबसाईट खरी तोच बांधतो. तिसरे बापू, म्हणजे विजयाचे वडील. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि लेकीच्या ऑफिसात बिनपगारी भरती झाले. मला हे तिघंही 'बाई'च म्हणतात.

ज्या कामाचे हे किस्से, ते सांगलीच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचं. तिथं मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात. पाटण, मेढ्याच्या वरच्या अंगाची म्हातारी माणसं पहिल्या एस.टी.नं निघायची, दुपारी रांगेत लागायची आणि 'आज नंबर संपले, पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत जायची. तर हा नंबर घरबसल्या फोनवर मिळावा, अशी वेबसाईट करायची होती.

दवाखान्याचे व्यवस्थापक शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी एकच अट घातली. पहिल्या शिबिराला फोनवरून नंबर घेतलेले सगळे पेशंट ठरल्या दिवशी, नंबर घेऊन, आपले आपण आले पाहिजेत. आले तर पुढचं सगळं काम तुमचं. एक जरी हुकला तर काम पुण्याच्या कंपनीला.

विजयानं आमच्यापासून काही लपवलं नाही. हातात दुसरं मोठं काम नव्हतं. हे गेलं तर ऑफिस बंद करायचं आणि पुण्याला परत जायचं. जुन्या साहेबांनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. सागर म्हणाला, "एवढंच ना?" आणि एकटाच हसला.

*

पहिला प्रश्न फोनचा. विजया म्हणाली, नवे फोन नकोत. म्हाताऱ्या माणसाकडं जो फोन असतो तो मुलाचा, नाहीतर नातवाचा जुना झालेला असतो. आपल्याला तसलेच फोन पाहिजेत. मग आम्ही बेकरीच्या पायऱ्यांशी पाटी लावली: जुना, पण चालू फोन द्या, स्टीलचा डबा न्या.

फोन यायला लागले. कुणाची काच तडकलेली, कुणाचं बटन गळालेलं. एकाला तर उजव्या कोपऱ्यात बोट लावलेलं कळायचंच नाही. आम्ही खूश.

आठवड्यानं बोहारीण जिना चढून वर आली. डोक्यावर पाटी, खांद्यावर गाठोडं. गाठोडं खाली ठेवून तिनं विचारलं, माझ्या आळीत डबे कोण वाटतंय? विजया घाबरली. तिनं दवाखाना, मोतीबिंदू, वेबसाईट, सगळं सविस्तर सांगितलं. बोहारणीनं तोवर एक डबा उचलून त्याच्या बुडाला नख लावून बघितलं.

"पत्रा बरा हाय," ती म्हणाली. मग तिथंच बसून तिनं निवाडा दिला. "फोन तुमी घ्या, कापडं माझी. पर कुणी जरीची साडी घिऊन आलं, तर डबा काढायच्या आदी मला हाक मारायची."

विजया इंजिनियर झाल्यावर तिला इतक्या बरोबरीनं वागवणारी ही पहिलीच व्यापारी.

*

सागरनं वेबसाईट बनवली ती फार देखणी. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. त्याच्या फोनवर ती एखाद्या लग्नपत्रिकेसारखी दिसायची. मी म्हटलं, जरा उन्हात नेऊन बघू. तर म्हणाला, "बाई, हल्ली असंच चालतं."

बाजाराच्या दिवशी आम्ही उंब्रजला गेलो. एस.टी. स्टँडच्या कट्ट्यावर एक तात्या बसले होते, मोतीबिंदू पिकलेला. सागरनं वेबसाईट उघडून फोन त्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, तिरका केला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत दिला.

"फोन चांगला हाय. आता चालू कर."

"चालूच आहे, तात्या."

तात्यांनी त्याच्याकडं शांतपणे बघितलं. "मग माझा डोळा बंद असंल. त्येच तर दवाखान्यात सांगायचं हाय, गड्या."

परत येताना सागर गाडीत आपलाच फोन जवळ धरून, लांब धरून बघत होता. दुसऱ्या दिवशी अक्षरं दुकानाच्या पाटीसारखी काळीभोर आणि मोठी झाली होती.

*

मोठी झाली ती इतकी, की पुढची अडचण बापूंकडून आली.

बापूंच्या फोनात अक्षरांचा आकार आधीच सगळ्यात मोठा. त्यावर सागरची मोठी अक्षरं. एका वेळी एकच शब्द मावायला लागला आणि 'नंबर घ्या' हे बटन खाली कुठंतरी दडून बसलं. बापूंनी सकाळी घरी अर्धा तास अंगठ्यानं पान वर सारलं. मग कामावर आल्यावर विजयाच्या टेबलासमोर ताठ उभे राहिले. ऑफिसात ते लेकीला लेक मानत नाहीत.

"रिपोर्ट हाय. पूरा एरिया सर्च केला. बटन पोस्टवर हजर न्हाई."

विजयानं विचारलं, तुम्ही घरीच का नाही सांगितलंत, सकाळीच बघितलं होतंत ना? तर म्हणाले, "घरी तू आमच्या कमांडमध्ये. इथं आमी तुझ्या."

बटन वर आणलं. बापूंनी परत तपासलं आणि म्हणाले, "हजर."

बापूंचा दुसरा उपयोग म्हणजे त्यांचं नाव. वेबसाईट तपासताना फॉर्ममध्ये कुणाचं तरी नाव, कुणाचा तरी फोन नंबर घालावाच लागतो. आमच्या ऑफिसात तो मान बापूंचा. तपासून झालं की सागर ती नावं पुसून टाकतो. एकदा पुसायची राहिली, आणि त्या काळात आम्ही डावा डोळा, उजवा डोळा, दोन्ही डोळे, असं सगळं आलटून पालटून घालून बघत होतो.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या सिस्टरचा बापूंना फोन आला. सिस्टर फार अदबीनं बोलल्या. तुमच्या नावावर इतके नंबर लागलेत, काका, तुम्हाला नक्की डोळे तरी किती?

बापू खुर्चीतून उठून उभे राहिले. "दोनच हैत मॅडम. आणि दोन्ही ड्यूटीवर हैत."

*

मेढ्याच्या वर डोंगरात एक गाव आहे. तिथं घरात रेंज येत नाही. वरच्या धारेवर एक जांभळीचं झाड आहे, तिथं येते. त्यामुळे गावातले फोन त्या झाडावर राहतात. प्रत्येकाची पिशवी वेगळी, फांदी वेगळी. गुरं राखायला जो वर असेल, तो फोन वाजला की त्या घराच्या नावानं हाळी देतो. वाऱ्यावर हलणाऱ्या त्या पिशव्या मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं नवसाच्या आहेत. एका अर्थी होत्याच.

तिथल्या एका सुनेनं आमच्यासमोर सासूचा नंबर काढायला घेतला. फॉर्म सुरू केला की फोनवर ओटीपी यायचा, आणि तो थोडा वेळच चालायचा. ओटीपी आला. तिनं घातला. पुढं विचारलं होतं, ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं? तिला ठाऊक नव्हतं. ती धार उतरून खाली गेली, सासूला विचारून वर आली. तोवर फॉर्म बंद पडलेला. परत ओटीपी. पुढचा प्रश्न, शुगरची गोळी चालू आहे का? परत खाली. परत वर. परत बंद.

तिसऱ्यांदा ती वर आली, दम खायला जांभळीखाली बसली, आणि सागरला म्हणाली, "आवं दादा, येवढ्या लवकर तर आमच्याकडचा पावना बी जात न्हाई."

सागर सुरक्षिततेवर बोलणार होता. मग त्यानं खालचं घर बघितलं, वरची वाट बघितली, आणि प्रश्नांचा क्रम बदलायला घेतला. आता आम्ही सगळे प्रश्न आधी एका पानावर दाखवतो. माणूस खाली जाऊन, विचारून, जेवून आला तरी चालतं. ओटीपी सगळ्यात शेवटी.

*

टाईप करता येत नाही त्यांच्यासाठी सागरनं एक सोय केली. माईकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. फोन लिहून घेतो. तपासायला आम्ही पाटणच्या पलीकडे एका घरी गेलो. पेशंट घरधनीच, आनंदराव. पण त्यांना घसा बसल्यामुळे आवाज नव्हता. बोलायचं ठरलं त्यांच्या बायकोनं, शालनताईंनी.

गाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. 'पेशंटचं नाव बोला' आलं आणि शालनताई थांबल्या. ओट्यावर सासरे बसले होते. त्यांच्या देखत नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे कठीण. आनंदराव खुणेनं 'बोल, बोल' करत होते. मी म्हटलं, मी बोलते तुमच्या वतीनं. तर सासरेच म्हणाले, "तिचा नवरा हाय, तिलाच बोलू द्या. आमी बगत न्हाई तिकडं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

शालनताईंनी पदर सावरला, फोन तोंडाशी धरला आणि एका दमात म्हणाल्या,

"कोयनेच्या पाण्यावर भाताला आली लोंबी, आनंदरावांच्या डोळ्यासाठी मी फोनपुढं उभी."

फोननं कुरकुर केली नाही. सगळं लिहून घेतलं आणि नंबरची चिठ्ठी काढली. ती चाचणीचीच चिठ्ठी होती, नंतर नाव नीट केलं. पण मूळची सागरनं छापून ऑफिसात भिंतीला लावली आहे. कुणीही वाचावी: 'कोयनेच्या पाण्यावर भाताला आली लोंबी आनंदरावांच्या डोळ्यासाठी मी फोनपुढं उभी यांनी ठरल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून हजर राहावे.'

*

आणि मग शिबिराचा दिवस आला.

नंबर सगळे फोनवरूनच गेले होते. आदल्या दिवशी काउंटरवरच्या त्याच सिस्टरनी एकेकाला फोन करून 'येताय ना?' विचारलं. सगळे हो म्हणाले. एक सोडून. पाटणच्या वरच्या एका वाडीतले सखाराम आबा. त्यांच्या फोनची घंटी वाजायची, वाजून वाजून बंद व्हायची. उचलत कुणीच नव्हतं.

विजयानंही लावून बघितला. फोन चालू होता, रेंज होती, नुसता वाजत होता. गावच्या आशाताईंना विचारलं. त्यांनीच आबांना नंबर काढून दिला होता. त्या म्हणाल्या, नंबर तर व्यवस्थित आला होता, मी डोळ्यांनी बघितलाय. पण मी आता माहेरी आहे, पुढचं मला ठाऊक नाही.

सकाळी आम्ही सगळे सांगलीला. बापू दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर मोठ्यानं पुकारत होते. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण पेशंटना ते बरं वाटत होतं. उंब्रजचे तात्या आले. मेढ्याच्या वरची ती सून सासूला घेऊन आली. शालनताई आणि आनंदराव आले, आणि बापूंनी नाव पुकारल्यावर शालनताई उगीचच लाजल्या. एकेक बाकडं भरत गेलं.

आबांची जागा तेवढी रिकामी.

व्यवस्थापकांनी दोनदा घड्याळ बघितलं. सिस्टरनी परत एकदा फोन लावला. वाजला, बंद झाला. सागर जिन्यात बसून वेबसाईट तपासत होता. आबांचा नंबर कुठं हरवला, कुठल्या फोनवर काय दिसलं असेल, सारखं उघडून बघत होता. विजया माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी संध्याकाळी पुण्याला फोन करून टाकते. उगीच लांबवण्यात अर्थ नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात दारातून बापूंचा आवाज आला. पण त्यांनी नंबर पुकारला नाही. ते नुसतं म्हणाले, "वाट द्या, वाट द्या."

आबा येत होते. डोक्याला नवा पटका, मागं म्हातारी. दोन्ही हात पुढं धरलेले, आणि हातांवर घडी घातलेला टॉवेल. देवाचं ताट घेऊन चालावं तसे ते एकेक पाऊल टाकत आले. कुणाचा धक्का लागू नये म्हणून म्हातारी आजूबाजूच्यांना हातानं बाजूला करत होती. काउंटरपाशी आल्यावर आबांनी टॉवेल टेबलावर ठेवला आणि एकेक घडी उलगडली. आत फोन.

"घ्या," ते सिस्टरना म्हणाले. "मिळाला तसा आनलाय."

सिस्टरनी फोन उघडला. आमचं पान समोर होतं. वर आबांचं नाव, मध्ये नंबर, आणि खाली विजयानं मुद्दाम ठळक लाल अक्षरांत टाकलेली ओळ: 'हे पान बंद करू नका. नंबर जपून ठेवा.'

सिस्टर म्हणाल्या, आबा, अहो आम्ही किती फोन केले, एक तरी उचलायचा.

आबांनी त्यांच्याकडं जरा दयेनंच बघितलं. "उचलला असता तर नंबर ऱ्हायला असता व्हय?"

मग म्हातारी सांगायला लागली. आशाताईंनी नंबर काढून दिला त्या दिवसापासून फोन देव्हाऱ्यात ठेवला होता. चार्जिंगला तिथंच लावायचा. वाजला तरी कुणी हात लावायचा नाही. शेजारीपाजारी बोलायला लागले, पाव्हणे रुसले. थोरला लेक फौजेत, जम्मूकडं. तो रोज लावतोय, रोज वाजतोय. यांनी लेकाचाबी उचलला नाही. ती सांगत होती आणि आबा मान डोलवत होते, त्यात चुकीचं काही असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

व्यवस्थापक पुढं आले. त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला, यादीतल्या नंबराशी ताडून बघितला. मग विजयाकडं वळून त्यांनी विचारलं, पुढचं शिबिर मेढ्याला घ्यावं की पाटणला, तुमच्या सोयीचं काय?

बापूंनी लेकीकडं बघितलं आणि खिशातून रुमाल काढून आपलाच चष्मा पुसत बसले. सागर जिन्यातून उठून आला होता. तो भिंतीला टेकून सावकाश खाली बसला.

आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. वर्दीतला एक तरुण पडद्यावर हसत होता.

सगळेच आबांकडं बघायला लागले. आबा हलले नाहीत. त्यांनी सिस्टरच्या पेनाकडं बोट केलं.

"लिवून घेतलासा?"

"घेतला, आबा."

ते व्यवस्थापकांकडं वळले. "तुमी बी बगितलासा न्हवं?"

व्यवस्थापकांनी मान हलवली.

फोन वाजतच होता. आबांनी पटका नीट केला, हात धोतराला पुसले आणि आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून विचारलं,

"मग आता उचलू का?"